वाचक विचारतात : रशियन भाषेतले बदमाश

या महिन्यात निपाणी, खानापूर, चिकोडी आणि बेळगावातनं आलेली पत्रं बघितली तर सगळ्यांना एकच हवंय, रशियनमध्ये वाईट माणसाला काय काय म्हणतात. चांगल्या माणसाबद्दल कुणी विचारलंच नाही! असो. उच्चार देवनागरीत बसतील तेवढे बसवलेत.

प्रश्न (निपाणी) : आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे, गणपतीत एक रशियन नाटक आपल्या भाषेत करालोय. त्यात एका सावकाराला चौघं जण चार वेगळे शब्द वापरून शिव्या घालतात, झ्लद्येय, निगद्याय, पद्लेत्स आणि मिर्झावेत्स. मोबाईलवर टाकलं की चारी ठिकाणी ‘खलनायक’च येतंय. स्टेजवर म्हातारी ‘अरे खलनायका’ म्हणून ओरडली तर लोक हसतील की ओ.

उत्तर : हसतील म्हणजे काय, शिट्ट्या मारतील. मोबाईलचा नाद सोडा, चारी शब्द वेगळे आहेत आणि नाटककारानं ते चार तोंडांत मुद्दाम घातलेले असणार.

झ्लद्येय म्हणजे वाईट करणारा, ‘झ्लो’ म्हणजे वाईट आणि पुढचा भाग करण्याचा. दुष्ट, दुष्कर्मी असा भारदस्त शब्द, जुन्या नाटकातल्या पल्लेदार वाक्यात शोभतो, आणि आजकाल सिनेमातल्या व्हिलनलाही हाच वापरतात. म्हणजे मोबाईल चारातल्या एका ठिकाणी बरोबर होता म्हणायचं. शाळेत धडा शिकवताना मात्र मास्तर ‘अत्रित्सातेल्नी गिरोय’ म्हणतात, म्हणजे नकारात्मक नायक, आपल्या खलनायकात जसा नायक लपलाय तसाच.

निगद्याय मला सगळ्यात सोपा वाटतो कारण तो हुबेहूब आपला ‘नालायक’ आहे. ‘निगोद्नी’ म्हणजे निकामी, कशाच्याच लायकीचा नाही असा, त्यावरनं तो आलाय. फक्त आपण नालायक पोरालाही म्हणतो, दूध सांडलं तरी म्हणतो, रशियनमध्ये निगद्याय त्यापेक्षा बराच कडक आहे, त्यात माणसाला लाजच उरली नाही असा अर्थ येतो.

पद्लेत्स मध्ये दगा आहे. तोंडावर गोड बोलून मागनं गळा कापणारा. याचा इतिहास जरा वाईट आहे, अठराव्या शतकात ‘पोद्ली’ म्हणजे नुसता खालच्या थरातला, सामान्य रयत, आणि मग वरच्या लोकांनी खालच्या थराचं नावच नीचपणाला चिकटवून टाकलं. आपल्या ‘नीच’चं तरी काय वेगळं झालं? आधी खालचा, मग वाईट. तुमच्या नाटकात इथं ‘हलकट’ चालेल, किंवा ‘दगलबाज’.

राहिला मिर्झावेत्स. ‘मेर्झ्की’ म्हणजे किळसवाणा, बघितलं की शिसारी यावी असा. हा राग कमी आणि ओकारी जास्त. म्हातारीच्या तोंडी हाच असेल तर शब्दाला शब्द शोधत बसू नका, निपाणीकडची बाई जमिनीचा कागद गिळलेल्या सावकाराला जे म्हणेल ते घाला, ‘थू तुझ्या जिनगानीवर’ म्हटलं की मिर्झावेत्स त्यात आलाच.

एक मात्र सांगून ठेवते. आपल्या भागात बदमाश माणसाला म्हणून काही जमातींची नावं सर्रास वापरतात. ब्रिटिशांनी १८७१ साली अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, तो १९५२ साली गेला पण लोकांच्या तोंडातनं ते शब्द काही गेले नाहीत. प्रेक्षकांत त्या जमातीतलीही माणसं बसलेली असतात. संहितेत घालू नका.

प्रश्न (बेळगाव) : मी कोर्टाच्या आवारात टायपिंग करते, संध्याकाळी ऑनलाईन रशियन शिकते. बातम्यांत ‘रझबोय’ शब्द येतो, त्याला मी दरोडा लिहिलं तर सरांनी खोडलं. का?

उत्तर : सरांचं बरोबर आहे ताई, आणि तुम्ही कोर्टात बसता म्हणजे तुम्हाला लगेच पटेल. आपल्या कायद्यात दरोडा म्हणायला पाच किंवा जास्त माणसं लागतात. रझबोय एकटा माणूसही करतो. रशियन दंडसंहितेत याची चढती पायरी आहे, गुपचूप उचललं तर ‘क्राझा’ म्हणजे साधी चोरी, कलम १५८. लोकांच्या डोळ्यांदेखत हिसकावलं तर ‘ग्रब्योश’, कलम १६१. आणि लुबाडण्यासाठी जिवाला किंवा तब्येतीला धोका होईल असा हल्ला केला किंवा तशी धमकी दिली तर रझबोय, कलम १६२. गंमत म्हणजे रझबोय मध्ये हल्ला झाला की गुन्हा पुरा झाला, हातात एक रुबल नाही लागला तरी. तेव्हा जबरी चोरी लिहा, किंवा सशस्त्र असेल तर तसं सांगा.

पण हा करणारा ‘रझबोयनिक’ घरात शिरला की एकदम मवाळ होतो. आजी नातवाला लाडानं रझबोयनिक म्हणते, भिंतीवर रेघोट्या ओढल्या म्हणून, आपण वांड म्हणतो तसं. तिथं जबरी चोर लिहू नका म्हणजे झालं.

प्रश्न (चिकोडी) : इतिहासाच्या पुस्तकात ‘तुशिनोचा चोर’ असा एक राजा वाचला. राजानं चोरी काय केली?

उत्तर : सिंहासन, किंवा निदान तसा प्रयत्न! तो राजा नव्हे, तोतया. आपल्याकडं पेशवाईत सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तसा रशियात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, सगळा गोंधळ चालला होता तेव्हा, मेलेल्या राजपुत्र दिमित्रीच्या नावानं एकामागनं एक तोतये निघाले. त्यातल्या दुसऱ्यानं १६०८ साली मॉस्कोजवळ तुशिनो गावात तळ ठोकला, दरबार भरवला आणि मोठमोठे सरदार त्याच्याकडनं आणि मॉस्कोतल्या झारकडनं अशी दोन्हीकडनं बक्षिसं उकळत इकडून तिकडं उड्या मारायला लागले. १६१० च्या डिसेंबरात कलुगा इथं त्याला मारलं.

पुस्तकातल्या ‘चोर’ला मूळ रशियन शब्द ‘वोर’, आज त्याचा अर्थ चोरच, पण त्या काळी वोर म्हणजे चोर नव्हेच, राज्याचा द्रोही, बंडखोर, मोठा गुन्हेगार. साध्या चोराला ‘तात्’ म्हणायचे. पुढं तात् मागं पडला आणि वोर घसरत घसरत खिशापर्यंत आला. म्हणून भाषांतरात तुशिनोचा तोतया किंवा राजद्रोही असंच पाहिजे, चोर लिहून भाषांतरकारानं उगाच त्याला कोंबडीचोर करून टाकलाय.

प्रश्न (खानापूर) : मुलगा एमबीबीएसला रशियाला जाणार आहे. सीनियर पोरांनी त्याला चार शिव्या आधीच शिकवल्यात, ‘स्वोलच’ म्हणून घरात फिरतोय. अर्थ काय, आणि तिकडं बोलला तर चालतंय काय?

उत्तर : नाही चालत काकू, कान धरा त्याचा. स्वोलच म्हणजे मुळात ओढून गोळा केलेली घाण, मग तसली माणसं, आता सरळसरळ हरामखोर. ‘पदोनक’ पण तसलाच, तळाला बसलेला गाळ. छापायला चालतात, तोंडावर फेकायला नाही. तिकडं एखाद्याचा अपमान करणं हा २०११ पासून फौजदारी गुन्हा राहिला नाही पण दंड होतोच, आणि चारचौघांत घाण शिव्या दिल्या तर ‘खुलिगान्स्त्वो’ म्हणजे हुल्लडबाजीच्या कलमाखाली पंधरा दिवसांपर्यंत आत बसवू शकतात. खुलिगान हा शब्द इंग्रजीतनं तिकडं गेलाय.

त्यापेक्षा त्याला ‘मशेन्निक’ शिकवा, तो उपयोगी पडेल. ‘मश्ना’ म्हणजे पैशाची थैली, ती कापणारा तो मशेन्निक, हळूहळू कुठलाही ठग. आता रशियात हा शब्द सगळ्यात जास्त कानावर पडतो तो फोनवरनं पैसे लुटणाऱ्यांसाठी, बँकेतनं बोलतोय, कोड सांगा, आपल्याकडं ओटीपी मागतात तसंच. पोलिसांचे तसले इशारे बँकेत, बसस्टॉपवर लावलेले असतात. नवीन सिम घेतलेला परदेशी विद्यार्थी त्यांना आयतंच गिऱ्हाईक.

प्रश्न (परत निपाणी, त्याच ग्रुपकडून) : सावकार आता सावकारीण केलाय, बाई मिळाली म्हणून. शब्द तसेच चालतील काय?

उत्तर : झ्लद्येयका, मिर्झावका, मशेन्नित्सा अशी बायकी रूपं आहेत. स्वोलच तर व्याकरणात मुळातच स्त्रीलिंगी, पुरुषालाही तीच. फक्त पद्लेत्सचं स्त्रीलिंग म्हणून ‘पद्ल्यांका’ करू नका, त्याचा अर्थ बाई नव्हे, कुणीतरी केलेली दगाबाजी. आणि नाटक आपल्या भाषेतच होणार आहे ना, मग सावकारणीला सरळ ‘कैदाशीण’ म्हणा की.