हिरवं दिसलं म्हणून निकेल नव्हे

तुम्ही लिहिलंय की रविवारी एका प्रदर्शनात १,८०० रुपयांना अर्धी फोडलेली पोकळ गारगोटी घेतली. आत गडद हिरवे टोकदार स्फटिक, आणि चिठ्ठीवर 'दुर्मीळ निकेल खनिज, वाघोली'. हे खरं का, आणि असे आणखी नमुने पुण्यात कुठे मिळतील, हा तुमचा प्रश्न.

तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. त्या चिठ्ठीवर निकेल आणि पुण्याजवळची वाघोली शेजारी शेजारी बसलेत, तिथेच गोची आहे. आपला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या लाव्हात निकेल होतं, पण ते बरंचसं ऑलिव्हिन या खनिजाच्या स्फटिकांनी आधीच ओढून घेतलेलं असतं. पुढे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत जे कोमट-गरम पाणी फिरलं, त्यात सिलिका, कॅल्शियम, सोडियम होतं. म्हणून आपल्याकडे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट ही खनिजं. भोर घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, तो खोदतानाही हीच मंडळी निघाली होती.

मग पुण्याचा हिरवा रंग कसला? हिरवा अपोफिलाइट हिरवा होतो तो व्हॅनेडियम या धातूमुळे. वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर नावातच कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन घेऊन आलाय. आणि पोकळीच्या भिंतीवरचा तो मातकट हिरवा थर म्हणजे सेलाडोनाइट, त्यात लोह. निकेल कुठेच नाही. (आपल्या देशात निकेल म्हणाल तर ओडिशात सुकिंदाच्या क्रोमाइट खाणींवरच्या जांभ्या मातीत आहे. काचेच्या कपाटात मांडावं असं ते काही दिसत नाही.)

पोकळ गारगोटीत हिरवं निकेल खरंच सापडतं, पण अमेरिकेत. केंटकीत हॉल्स गॅप नावाची जागा आहे, हमरस्त्यासाठी कापलेली दरड. तिथला खडक गाळाचा, आपल्यासारखा लाव्हाचा नव्हे. क्वार्ट्झने मढलेल्या पोकळीत मिलराइट असतो, म्हणजे निकेल आणि गंधक, पितळी रंगाचे केसासारखे तंतू. हे तंतू हवेपाण्याने बदलत गेले की त्यांच्यावर हिरवा थर धरतो. संग्राहक त्याला होनेसाइट किंवा जांबोराइट म्हणतात, दोन्ही निकेलचीच खनिजं. नुसत्या डोळ्यांनी या दोघांत फरक करता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर जे नाव असेल त्यावर पुरता विश्वास ठेवू नये.

माझ्याकडे असा एक नमुना आहे, अंगठ्याएवढा. बदल्यात एक बरा हिरवा अपोफिलाइट दिला होता, आणि घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, कारण नुसतं बघितलं तर पांढऱ्या गारेच्या खळग्यात काहीतरी बुरशी आलीय असंच वाटतं. दहापट भिंग लावा. मग केशराच्या काडीहून बारीक तार दिसते, बुडाशी अजून पितळी, वर जाता जाता पोपटी, टोकाला शेवाळासारखी मखमल. दुर्मीळ हिरवं निकेल म्हणतात ते एवढंच, चमचमणारे बोटभर स्फटिक नव्हेत. पहिल्याच वर्षी मी शहाणपणा करून तो नळाखाली धरला आणि टूथब्रश फिरवला. निम्मे तंतू बेसिनमध्ये गेले. तेव्हापासून फक्त फोटोवाल्यांचा रबरी हवेचा फुगा, तोही लांबून. पावसाळ्यात झाकणाच्या डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी.

आता तुमचा नमुना. दुसऱ्या फोटोत फुटलेल्या काठावरही स्फटिक चढलेत. गारगोटी फोडली अलीकडे आणि स्फटिक म्हणे जमिनीखालचे. मग ते ताज्या काठावर कसे? शिवाय खाचेत रंग साचलाय. माझा अंदाज, घरी बादलीत वाढवलेले स्फटिक आहेत. तुरटी किंवा खताच्या फॉस्फेटमध्ये रंग घालून असे गोळे सर्रास विकतात. खात्री करायची तर मागच्या बाजूचा एक कण बशीत कोमट पाण्यात टाका. खरा अपोफिलाइट ढिम्म हलणार नाही, हा विरघळेल.

चाटून मात्र बघू नका. तुरटी असेल तर ठीक, पण निकेल सल्फेटचे हिरवे-निळसर स्फटिकही असेच सहज वाढतात आणि ते विषारी आहे. खोट्या कानातल्यांनी कानाला खाज सुटते ना, ती याच धातूची. दागिन्यांत हा धातू आहे का ते बघायला निकेल तपासणी बाटली मिळते, त्यात असतं: डायमिथिलग्लायॉक्झाइम आणि अमोनिया. बशीतल्या पाण्यात कापसाची काडी बुडवा, वर दोन थेंब टाका. काडी गुलाबी झाली नाही तर १,८०० रुपयांत रंगीत तुरटी किंवा खत आलं. गुलाबी झाली तर चिठ्ठीवाला निकेलबाबत खरं बोलला, फक्त ते वाघोलीच्या खाणीतलं नव्हे, रसायनांच्या दुकानातलं. मग हातमोजे घाला, पिशवीत बंद करा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असं वर ठेवा.