खटपटपेटी : मिगच्या पोटाखालची तोफ दिसेना

गेल्या अंकात लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमधल्या शस्त्रांच्या फाइलींवर मी अर्धं पान लिहिलं होतं. ते पुरलं नाही, हे आलेल्या पत्रांवरून कळलं. त्यातली पाच घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण विषय माझ्या घरचा निघाला. वडील ओझरच्या मिग कारखान्यात होते आणि मी तिथल्याच टाउनशिपमध्ये वाढलो. आमच्याकडे पाहुणे आले की विमानाच्या आवाजाला दचकायचे आणि आम्ही मुलं त्यांना हसायचो.

प्रश्न : ‘स्ट्राइक फायटर्स २’मध्ये मी १९७१च्या युद्धातलं आपल्या हवाई दलाचं मिग-२१ एफएल तयार करतोय. पोटाखाली जीपी-९ गन पॉड, म्हणजे बाहेरून टांगायची तोफेची पेटी, लावायचा आहे. पॉडची फाइल लिहिली, मॉडेलही मिळालं, पण उड्डाणाआधी शस्त्रं निवडायच्या पानावर पॉड दिसतच नाही. चार रात्री गेल्या. — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : चारच? मग तू अजून सुखात आहेस. माझे या पॉडपायी दिवाळीचे सगळे दिवस गेले होते.

या खेळात शस्त्र आणि विमान यांचं लग्न दोन्हीकडच्या संमतीनं लागतं. शस्त्राची स्वतःची फाइल असते आणि विमानाच्या डेटा फाइलमध्ये प्रत्येक पायलॉनचं, म्हणजे शस्त्र टांगायच्या जागेचं, एक टिपण असतं. पायलॉन सांगतो की मी अमुक वर्गाची शस्त्रं घेतो, अमुक देशाच्या पद्धतीची घेतो, अमुक किलोपर्यंत घेतो. शस्त्र आपला वर्ग, जोडणीची पद्धत, वजन, व्यास आणि लांबी सांगतं. यातलं एक जरी जुळलं नाही, तर खेळ चूक दाखवत नाही. पॉड यादीत येत नाही, एवढंच. चार रात्री जातात त्या या गप्प बसण्यामुळे.

तुझ्या बाबतीत मी आधी पोटाखालचा पायलॉन बघेन. तिथे मूळचं टिपण इंधनटाकीसाठी असतं, म्हणजे वर्गापुढे ‘एफटी’ ही अक्षरं. तिथे स्वल्पविराम देऊन ‘जीपी’ जोड, गन पॉडचा वर्ग तो. मग जोडणीची पद्धत बघ. विमानात सोव्हिएत आणि पॉडमध्ये दुसरंच काही लिहिलं असेल तर गाडी तिथेच अडते. मॉडेल दुसऱ्या कुणाच्या पॉडवरून उचललं असेल, तर त्यासोबत नाटोची जोडणी आली असण्याची शक्यता बरीच. त्यानंतर वजनाची मर्यादा.

हे सगळं जुळूनही पॉड दिसला नाही तर वर्ष बघ. प्रत्येक शस्त्राला सेवेत आल्याचं आणि सेवेतून गेल्याचं वर्ष असतं. तुझी मोहीम डिसेंबर १९७१ची आहे आणि पॉडच्या फाइलमध्ये सुरुवातीचं वर्ष १९७५ असेल, तर खेळाच्या लेखी तो पॉड अजून जन्मलाच नाही. माझं घोडं इथेच पेंड खात होतं. दुसऱ्या शस्त्राची फाइल नकलून वर नाव बदललं, वर्ष तसंच राहिलं.

एक बावळट वाटणारी तपासणीही कर. फोल्डरचं नाव आणि आतल्या फाइलींचं नाव अक्षरन् अक्षर एकच हवं. आणि विंडोजला फाइलनावांच्या शेपट्या दाखवायला सांग. नोटपॅड कधीकधी शेवटी गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटवतं. आपल्याला नाव बरोबर दिसतं, खेळाला फाइलच सापडत नाही.

पॉड दिसायला लागला की तो कुठे बसतो ते बघायला बाहेरचा कॅमेरा लाव. जोडणीची जागा मीटरमध्ये तीन आकड्यांनी लिहितात : उजवी-डावी, पुढे-मागे, वर-खाली. तिसऱ्या आकड्यापुढचं उणे चिन्ह मी विसरलो होतो, तेव्हा पॉड विमानाच्या पाठीवर जाऊन बसला, विक्रमाच्या पाठीवर वेताळ बसावा तसा. गंमत म्हणजे तिथूनही त्यातून गोळ्या सुटत होत्या.

आता आकड्यांबद्दल, कारण तू ते विचारलेले नाहीस आणि मला भीती आहे की तू गोळ्यांच्या रकान्यात दोन हजार टाकशील. जीपी-९मध्ये जीएसएच-२३ ही दोन नळ्यांची २३ मिलिमीटरची तोफ असते आणि गोळ्या २००. ही तोफ मिनिटाला ३,००० गोळ्यांच्या वर मारते. भागाकार कर : चाप दाबून धरलास तर चार सेकंदांच्या आत पॉड रिकामा. नळीतून निघताना गोळीचा वेग सेकंदाला साधारण ७०० मीटर. अमेरिकन व्हल्कन तोफेचा हजाराच्या वर जातो. म्हणून मिगमधून नेम धरताना जास्त जवळ जावं लागतं. हे तीन आकडे खरे ठेवलेस तर विमान कसं उडवायचं ते तेच शिकवतात. अर्धा-अर्धा सेकंद मारायचं, तेही शत्रूच्या खिडक्या दिसायला लागल्यावर.

पॉडची किंमतही मोजावी लागते. तो पोटाखाली बसतो, म्हणजे मधली इंधनटाकी गेली. एफएलला एकूण तीनच जागा, पोटाखालची एक आणि पंखांखालच्या दोन. खेळात दोन्ही हवं म्हणून चौथा पायलॉन रचणारे महाभाग मी पाहिलेत. ते विमान मग एफएल राहत नाही, मोतीचूर लाडू होतो.

आणि हा पॉड आला कशासाठी, तेही माहीत असू दे. एफएलच्या आत तोफच नव्हती. क्षेपणास्त्रांच्या जमान्यात तोफेची गरज उरली नाही, असं तेव्हा मोठमोठ्यांना वाटत होतं. १९६५च्या युद्धात २८ स्क्वाड्रनचे कमांडर वोलेन यांनी पाकिस्तानी सेबर विमानावर मिगमधून क्षेपणास्त्रं सोडली, ती लागली नाहीत, आणि पुढे मारायला काही उरलं नाही. १९७१पर्यंत पोटाखाली पॉड आला होता. १२ डिसेंबर १९७१ला कच्छच्या आखातावर ४७ स्क्वाड्रनच्या मिग-२१ने पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं ते तोफेनं. तू जी ओळ जोडतोयस ना, ‘जीपी’ची, ती खऱ्या विमानात जोडायला मध्ये एक युद्ध जावं लागलं.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा विमानाच्या खेळातल्या ‘शस्त्रांच्या फाइली’ बदलत बसतो. बाँबच्या स्फोटकाचा आकडा त्याने पाच हजार केला, असं अभिमानाने सांगतो. यात काही वावगं आहे का? कॉम्प्युटर बिघडेल का? — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : काका, कॉम्प्युटरला काही होत नाही. ही साधी मजकुराची फाइल आहे, किराण्याच्या यादीसारखी. ‘स्ट्राइक फायटर्स २’ असेल तर बदललेली फाइल ‘सेव्ह्ड गेम्स’मधल्या खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवायची असते. ती काढून टाकली की मूळ आकडा परत येतो. लक्ष ठेवायचंच असेल तर मुलगा कुठून काय उतरवून घेतो याच्यावर ठेवा. मजकुराच्या फाइलीऐवजी कुणी ‘हे चालव, आपोआप बसेल’ असा प्रोग्रॅम देत असेल, तर तो चालवू देऊ नका.

पाच हजाराबद्दल मात्र त्याला एक विचारा. अमेरिकन एमके-८२ बाँबचं नाममात्र वजन २२७ किलो, त्यात स्फोटक साधारण ८७ किलो. मग उरलेलं काय? उरलेलं म्हणजे जाड पोलादी कवच, आणि त्याचे तुकडे दूरवर उडतात. हे त्याला शोधून काढू द्या. पाच हजार करून बघणं हा सगळ्यांचाच पहिला उद्योग असतो, मीही केलाय. कमी उंचीवरून बाँब टाकला, पूल उडाला, पुलाबरोबर मीही उडालो. तुमच्या चिरंजीवांनी ही दुसरी गोष्ट बहुधा सांगितलेली नाही.

प्रश्न : ‘डीसीएस वर्ल्ड’मध्ये एका क्षेपणास्त्राची लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली फाइल थोडीशी बदलली. एकट्याने खेळताना चालतं, पण मित्रांच्या सर्व्हरवर गेलं की बाहेर काढतात. — म्हापसा, गोवा

उत्तर : काढणारच. सर्व्हरवर शिरताना तुमच्या फाइली मूळच्या आहेत की नाहीत हे तपासलं जातं, शस्त्रांच्या तर हमखास. त्याला पळवाट विचारू नका, मी सांगणार नाही. तुमचं क्षेपणास्त्र जास्त वळणारं आणि समोरच्याचं कारखान्यातून आलेलं, हा कसला खेळ?

एकट्याने खेळायला खुशाल बदला, पण खेळाच्या मूळ फोल्डरमध्ये हात घालून नव्हे. ‘ओव्हीजीएमई’सारखा मॉड-व्यवस्थापक वापरा. टिचकी मारली की बदल लागतो, परत मारली की मूळ फाइल जागेवर. मित्रांकडे जाण्याआधी बंद करायचं. खेळ अद्ययावत होण्याआधीही बंद करायचं, नाहीतर नवी-जुनी फाइल एकमेकींवर बसते आणि मग निस्तरत बसा.

लुआत आकडा बदलताना जुनी ओळ पुसू नका. तिच्यापुढे दोन आडव्या रेघा टाका, म्हणजे ती नुसती टीप होते, आणि खाली नवी ओळ लिहा. स्वल्पविराम गेला तर आख्खी फाइल वाचली जात नाही. मग लॉग फाइल उघडा, कितव्या ओळीवर अडलं ते तिथे लिहिलेलं असतं. ही भाषा १९९३मध्ये रिओ द जानेरोच्या एका विद्यापीठात जन्मली. नावाचा अर्थ तुमच्याकडच्या पोर्तुगीज शिकलेल्या कुणाही आजोबांना विचारा, ते आकाशातल्या चंद्राकडे बोट दाखवतील.

प्रश्न : माझ्या मिगची के-१३ क्षेपणास्त्रं दहातली आठ वाया जातात. फाइलमध्ये अचूकतेचा आकडा वाढवू का? — नाशिक रोड

उत्तर : आधी सांगा, सोडता कशी? के-१३ ही अमेरिकन साइडवाइंडरची नक्कल. सप्टेंबर १९५८मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवरच्या लढाईत एक साइडवाइंडर चिनी मिग-१७मध्ये न फुटता रुतून बसलं, विमान तसंच घरी परतलं आणि ते क्षेपणास्त्र पुढे सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती गेलं. मूळ वस्तूची सगळी खोड नकलेत उतरली. शत्रूच्या मागूनच सोडायचं, त्याच्या इंजिनाच्या उष्णतेवर. सूर्य समोर असला की ते सूर्याच्या नादी लागतं. आणि सोडताना तुमचं विमान दोन जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट जोराच्या) वर वळत असेल तर विसरा.

या मर्यादा फाइलमध्ये वेगवेगळ्या ओळींत असतात : सोडताना चालणारे जास्तीत जास्त जी, क्षेपणास्त्राच्या उष्णता हेरणाऱ्या डोळ्याला दिसणारा कोन, डोळा किती वेगाने फिरतो, किती वळू शकतं, लक्ष्य पकडण्याची शक्यता, बिनतक्रार सुटण्याची शक्यता. अचूकतेचा आकडा या सगळ्यांनंतरचा. तुम्ही चार जी खेचत सोडत असाल तर अचूकता शंभर केली तरी ते रानातच जाणार.

म्हणून हे करा. सराव उड्डाण घ्या, समोर सरळ उडणारं एकच वाहतूक विमान ठेवा, मागे दीड-दोन किलोमीटरवर जा, पंख सपाट ठेवा आणि वीस क्षेपणास्त्रं सोडा. किती लागली ते कागदावर मांडा. बरीच लागली तर फाइल बंद करा आणि विमान चालवायला शिका. नाही लागली तर एकच आकडा बदला आणि परत वीस. दोन आकडे एकदम बदललेत तर कशानं काय झालं ते कळणार नाही, आणि मला पुढच्या महिन्यात आणखी एक पत्र येईल.

एक गंमत. डोळा किती अंशांपर्यंत वळतो त्या ओळीत ‘गिम्बल’ या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलंय, शेवटी ‘एएल’च्या जागी ‘एलई’ आहे. ती चूक मूळ खेळातली आहे. मी शाळामास्तरच्या थाटात ती दुरुस्त केली आणि क्षेपणास्त्र आंधळं झालं. खेळ ते चुकलेलंच स्पेलिंग शोधत असतो. हात लावू नका.

प्रश्न : १४ डिसेंबर १९७१चा ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवरचा हल्ला खेळात उभा करतोय. एफएलला रॉकेटचे चार पॉड लावले तर चालतील का? — चिंचवड

उत्तर : नाही. वर म्हटलं तसं, पंखांखाली दोनच जागा. यूबी-१६चा एक पॉड म्हणजे ५७ मिलिमीटरची १६ रॉकेटं, दोन पॉडची ३२. ज्यांनी तो हल्ला केला ते २८ स्क्वाड्रनचे मिग गुवाहाटीहून आले होते. लक्ष्य अगदी निघता निघता बदललं, आणि इमारत ओळखायला हल्ल्याचे नेते बिष्णोई यांच्या हातात ढाक्याचा पर्यटकांचा नकाशा होता. तुमच्या मोहिमेत तो नकाशा जमला तर घाला. रॉकेटं ३२च ठेवा.