फोनचा फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरं तशीच का राहतात? आईसाठी नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न असा : ऐरोलीला राहणाऱ्या आईच्या सॅमसंग फोनवर तुम्ही गॅलेक्सी स्टोअरमधून नवा फॉन्ट घेतला. इंग्रजी अक्षरं बदलली, मराठी जशीच्या तशी राहिली. मग अक्षरांचा आकार शेवटपर्यंत वाढवला, तर बँकेच्या ॲपमधलं बटणच स्क्रीनबाहेर गेलं. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात "फोन रूट करून हवा तो मराठी फॉन्ट टाकून देतो" असं सांगितलं. शिवाय सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारी वर्डची नोटीस तिला निव्वळ इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसते, तोही फॉन्टचाच दोष का?

सगळ्यात आधी, रूट करायला (म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून फोनच्या मूळ सॉफ्टवेअरवर पूर्ण ताबा मिळवायला) फोन देऊ नका. कारण खाली सांगतो. बाकी जे हवं ते सगळं फोनच्या सेटिंग्जमध्येच आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

मराठी का बदललं नाही, ते आधी. फॉन्टच्या फाइलमध्ये प्रत्येक अक्षराची आकृती ठेवलेली असते. स्टोअरमधल्या बहुतेक शोभेच्या फॉन्टमध्ये फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं असतात, देवनागरी नसतेच. फोनला "ठाणे" लिहायचं असतं तेव्हा तो आधी तुम्ही निवडलेल्या फॉन्टमध्ये 'ठ' शोधतो. तिथे मिळाला नाही की तो आपल्या मूळ देवनागरी फॉन्टकडे जातो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हा फॉन्ट म्हणजे गुगलचा नोटो सान्स देवनागरी. म्हणजे तुमचा फोन बिघडलेला नाही. उलट ही सोय नसती तर आईला सगळीकडे रिकामे चौकोन दिसले असते.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. 1, 2, 3 हे इंग्रजी आकडे रोमन फॉन्टमधून येतात, त्यामुळे नवा फॉन्ट लावला की तेही बदलतात. वळणदार किंवा हस्ताक्षरासारख्या फॉन्टमध्ये 1 आणि 7, 6 आणि 8 पटकन वेगळे कळत नाहीत. आईला ओटीपी, बँकेतली शिल्लक, टीएमटी-एनएमएमटीच्या बसचे नंबर वाचायचे असतात. ज्येष्ठ माणसाच्या फोनवर शोभेचा फॉन्ट नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. सॅमसंगचा 'डीफॉल्ट' फॉन्ट परत लावा : सेटिंग्ज, डिस्प्ले, फॉन्ट साइझ अँड स्टाइल, फॉन्ट स्टाइल, डीफॉल्ट.

तरीही मराठीचं वळणच बदलायचं असेल, तर त्याच पानावर 'डाउनलोड फॉन्ट्स'मधून गॅलेक्सी स्टोअर उघडा आणि नुसतं 'फॉन्ट' न शोधता 'हिंदी' किंवा 'देवनागरी' हे शब्द इंग्रजी लिपीत टाकून शोधा. फॉन्टच्या नमुन्याच्या चित्रात देवनागरी ओळ दिसली तरच घ्या. नमुना फक्त इंग्रजीत असेल तर पैसे भरू नका. दुसरीकडून उतरवलेली टीटीएफ (म्हणजे फॉन्टची) फाइल फोनमध्ये नुसती ठेवून काही होत नाही, आणि इंटरनेटवरून घेतलेले फॉन्टचे एपीके (ॲपसारख्या बसवायच्या फाइली) नव्या सॅमसंगवर 'फॉन्ट चालत नाही' असं सांगून अडतात. कंपनीने ही वाट मुद्दाम बंद केली आहे. ती उघडून देतो म्हणणारी ॲप्स ॲक्सेसिबिलिटीची (दिसायला-ऐकायला अडचण असणाऱ्यांसाठीच्या सोयींची) परवानगी मागत असतील तर देऊ नका. त्या परवानगीने ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं, ओटीपीसुद्धा.

देवनागरी फॉन्ट लावल्यावर तो मराठीला पुरतो का, हे तपासायला व्हॉट्सॲपवर स्वतःलाच ही ओळ पाठवून पाहा : "बाळाची शाल, दऱ्याखोऱ्या, तऱ्हा, ॲप, ऑफिस, सर्वांनी, उद्ध्वस्त, ज्ञान, ट्रक." यातला प्रत्येक शब्द काहीतरी पारखतो. "दऱ्या" मध्ये य च्या आधी पापणीसारखा आडवा र यायला हवा. तो रफार होऊन य च्या डोक्यावर गेला तर "दऱ्या"चा "दर्या" झाला, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. काही फॉन्टमध्ये तिथे पाय मोडलेला, नुक्त्याचा र सुटा दिसतो. हिंदीला हे जोडाक्षर लागत नाही, म्हणून हिंदीपुरता बनवलेला फॉन्ट नेमका इथे फसतो. "ॲप" मधला ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरांना समान असलेल्या अक्षरांच्या संकेतांकांच्या यादीत, उशिरा आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी चौकोन दिसतो किंवा ते एकच अक्षर वेगळ्या वळणाचं येतं. "सर्वांनी" मध्ये रफार आणि अनुस्वार दोन्ही एकाच 'वा'वर बसतात. ते एकमेकांत घुसले किंवा वरून कापले गेले तर तो फॉन्ट रोजच्या वाचनाला उपयोगाचा नाही.

आता ल आणि श. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपं प्रमाण आहेत, शासन निर्णयांतही तसंच सांगितलं आहे. फोनवर मात्र बहुधा हिंदी वळणाचा दंडाचा ल दिसतो आणि लहानपणापासून मराठी वाचलेल्या डोळ्यांना तो खटकतो. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवलेली असतात. कोणतं दाखवायचं ते फोन भाषेवरून ठरवतो. म्हणून सेटिंग्ज, जनरल मॅनेजमेंट, लँग्वेज इथे जाऊन 'ॲड लँग्वेज'ने मराठी जोडा. आईला मेन्यू इंग्रजीत हवे असतील तर इंग्रजी पहिली ठेवा, मराठी दुसरी, आणि यादीत हिंदी असेल तर ती मराठीच्या खाली ओढा. देवनागरी मजकूर आला की फोन यादीतली पहिली देवनागरी भाषा धरतो. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आहेत तिथे ल आणि श लगेच बदलतात. काही ॲप्स मजकुराची भाषा स्वतः ठरवतात, तिथे फरक दिसणार नाही.

तुमचा खरा प्रश्न मात्र आकाराचा आहे, आणि तिथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फॉन्ट साइझने फक्त अक्षरं वाढतात. बोल्ड फॉन्टने रेघा जाड होतात, जागा जवळपास तेवढीच लागते. स्क्रीन झूमने अक्षरं, बटणं, चिन्हं सगळंच वाढतं. तुम्ही फक्त पहिली गोष्ट टोकाला नेली. बँकेच्या ॲपमध्ये बटणांच्या आणि ओळींच्या चौकटी बऱ्याचदा ठरावीक उंचीच्या असतात. अक्षरं वाढली, चौकट तेवढीच राहिली, की मजकूर कापला जातो किंवा खालचं बटण ढकललं जातं. देवनागरीला हा फटका जास्त बसतो, कारण आपल्या ओळीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांची जागा लागते. चौकट इंग्रजीच्या मापाने काढलेली असेल तर "सर्वांनी" मधलं वरचं सगळं छाटलं जातं आणि "सवानी" उरतं.

म्हणून क्रम उलटा घ्या. फॉन्ट साइझ मधल्या खुणेवर आणा आणि त्याच पानावरचा 'बोल्ड फॉन्ट' चालू करा. चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच लोकांना एवढ्यानेच फरक जाणवतो, कारण पातळ रेघाही वाचताना त्रास देतात. तरी कमी पडलं तर साइझ एक-दोन खुणा वाढवा आणि प्रत्येक खुणेनंतर बँकेचं ॲप उघडून पैसे पाठवण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जा. पैसे पाठवायचे नाहीत, फक्त बटण दिसतंय ना ते बघायचं. लॉगिनचं पान नीट दिसलं म्हणजे झालं असं समजू नका, अडचण पुढच्या पानांवर येते. त्यानंतरही हवं असेल तर डिस्प्लेमधला 'स्क्रीन झूम' एक खूण वाढवा. फोन अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढचा असेल तर अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढतात, पण तिथे आधीच मोठे असलेले मथळे बारीक मजकुराच्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे मोडतोड थोडी कमी होते.

आईचं जास्त वाचन जिथे होतं तिथे वेगळी सोय आहे. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, फॉन्ट साइझ इथे 'लार्ज' करा. हा बदल फक्त चॅटमधल्या मजकुराला लागतो, बँकेच्या ॲपला हातही लागत नाही. क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी इथे पानावरची अक्षरं वाढवता येतात, म्हणजे बातम्या मोठ्या दिसतील. कीबोर्डची बटणं फॉन्ट साइझने वाढत नाहीत. जीबोर्ड वापरत असाल तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डची उंची वाढवा. लोकलचं वेळापत्रक किंवा वीजबिलाची पीडीएफ यांसारख्या बारीक गोष्टींसाठी ॲक्सेसिबिलिटी, व्हिजन एन्हान्समेंट्स, मॅग्निफिकेशन चालू करून ठेवा. हवं तेव्हाच स्क्रीन मोठी होते, काम झालं की पूर्ववत. ही एक गोष्ट आईसोबत बसून दोन-चारदा करून घ्या. दोन बोटांनी सरकवायची सवय लागेपर्यंत ती अवघड वाटते.

दुसऱ्या कंपनीचा फोन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शाओमी, रेडमी, पोको यांवर थीम्स ॲपमध्ये फॉन्टचा भाग असतो, आणि फॉन्ट लावल्यावर फोन रीस्टार्ट मागू शकतो. ओप्पो आणि रिअलमीवर थीम स्टोअर, व्हिवोवर आय थीम. वर सांगितलेली देवनागरीची अडचण सगळीकडे तीच. 'ट्रायल' म्हणून लावलेला फॉन्ट मुदत संपली की आपोआप उतरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आयफोनवर मेन्यूंचा फॉन्ट बदलता येतच नाही. आकार आणि बोल्ड डिस्प्ले अँड ब्राइटनेसमध्ये मिळतात, आणि त्याहून मोठी अक्षरं ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, लार्जर टेक्स्ट इथे. आयफोनची एक सोय मात्र फार उपयोगाची आहे : आयओएस १५ पासून 'पर-ॲप सेटिंग्ज'मध्ये प्रत्येक ॲपचा आकार वेगळा ठेवता येतो. बँकेचं ॲप लहान आणि मेसेज मोठे, असं जमतं.

आता रूट. फोनमधली मूळ फॉन्टची फाइल बदलायला आधी बूटलोडर (फोन चालू होताना मूळ सॉफ्टवेअर सुरू करणारा भाग) अनलॉक करावा लागतो, आणि त्या क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. फोटो, मेसेज, व्हॉट्सॲप, सगळं. सॅमसंगवर नॉक्स नावाची सुरक्षा व्यवस्था असते आणि तिच्यात छेडछाडीची एक खूण असते. एकदा बदललेलं सॉफ्टवेअर चढलं की ती कायमची पडते. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी ती पुसली जात नाही, सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंग वॉलेट त्या फोनवर पुन्हा चालत नाहीत. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स असा फोन ओळखून उघडायलाच नकार देऊ शकतात. फॉन्टची यादी सांगणाऱ्या फाइलमध्ये एक चूक झाली तर फोन सुरू होताना कंपनीच्या नावावरच अडकून राहतो. आईचा रोजचा, बँकेला जोडलेला फोन एका फॉन्टसाठी रूट करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दुकानदार मनाने चांगला असेलही, पण नंतर अडकायचं ते आईला.

राहिली सोसायटीची नोटीस. तिथे आईच्या फोनचा दोष नाही आणि फोनवर कोणताही फॉन्ट टाकून ती सुधारणार नाही. ती नोटीस श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. या पद्धतीत फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. तो विशिष्ट फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथेच ती मराठी दिसतात, बाकी सगळीकडे उघडी पडतात. म्हणून मेसेजमधलं मराठी तिला नीट दिसतं आणि वर्डची फाइल दिसत नाही. सेक्रेटरींना दोनपैकी एक करायला सांगा. सोपं म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवर 'सेव्ह ॲज'मध्ये पीडीएफ निवडून तीच ग्रुपवर टाकायची. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे सगळ्यांना सारखीच दिसते. कायमचा उपाय म्हणजे यापुढे युनिकोड मराठीत टाइप करायचं, मंगल, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीत. यातले मुक्ता आणि नोटो मोफत मिळतात. जुन्या नोटिसा पुन्हा टाइप करण्याची गरज नाही, श्रीलिपी-कृतिदेवचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर आहेत. फक्त रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी आणि आकडे एकदा नजरेखालून घाला. चुका तिथेच राहतात, आणि मेंटेनन्सच्या रकमेत एक आकडा चुकला तर तो प्रत्येक घरात चुकीचा पोचतो.