महागड्या वस्तूंत पैसा कुठे घालावा

नवे घर मांडताना महागडी वस्तू सरसकट टाळू नये, परंतु तिची किंमत नेमकी कशासाठी आहे हे आधी पाहावे, असे मी आपणांस मनापासून सुचवीन. साबणाच्या वेष्टनावरील टीएफएमचा, म्हणजे साबणातील एकूण स्निग्धांशाचा, आकडा वाचावा. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंघोळीच्या साबणात तो किमान ७६ टक्के असावा लागतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील साध्या वडीतही तो मिळतो. क्रीमच्या डबीवर घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पाणी व ग्लिसरीन आरंभी आणि केशर अगदी शेवटी असेल, तर केशराच्या नावाने जादा पैसे मोजू नयेत.

भांड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्यावर हाताने मठारकाम होते, आणि हातोडीच्या त्या ठोक्यांनी केवळ नक्षी उमटत नाही, तर धातूही कणखर होतो. असे भांडे पिढ्यान्‌पिढ्या टिकते, म्हणून तेथे घासाघीस करणे मला पटत नाही. स्वयंपाकासाठी पातेले घेतल्यास आतून कल्हई आहे ना, हे तपासावे, ती झिजताच पुन्हा करून घ्यावी आणि तोवर त्यात चिंचेची आमटी शिजवू नये.