जुनी मूर्ती हलवू नकोस

चि. मुलीस, सप्रेम आशीर्वाद.

पत्र आणि रेखाटन दोन्ही मिळालं. इरकल नेसलेली, बाळाला कडेवर घेतलेली मरिया, खानापूरकडच्या चर्चमध्ये, थेट वेदीमागे. त्यासाठी फातिमा मातेची, म्हणजे मरियेच्याच एका रूपाची, जुनी मूर्ती सॅक्रिस्टीत, फादरांच्या तयारीच्या खोलीत, ठेवायचं चाललंय असं लिहितेस. चित्र तू करच. पण वाद होईल का, या प्रश्नाचं उत्तर चित्रापेक्षा त्या जागेत शोधायला हवं.

त्या मूर्तीचे पाय जवळून बघ. अंगठ्यावरचा रंग बोटांनी झिजून आतलं पांढरं प्लास्टर उघडं पडलेलं दिसेल. आपल्या भागात फातिमा माता म्हणजे घरचं माणूस; बेळगाव कॅम्पातलं कॅथेड्रलच तिच्या नावाचं आहे. मूर्ती हलली की ‘आमची माता कुठं नेली?’ असं विचारायला बायकांना संकोच वाटतो. मग त्या म्हणतात, ‘मरिया कधी अशी असते होय?’ तू शैलीचा बचाव करत बसतेस आणि दुखणं राहतं भलतीकडेच. म्हणून मूर्ती जागेवरच राहू दे. वेदीमागची भिंत सोड, तिथं लावलेलं चित्र कुणालाच टाळता येत नाही. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळची बाजूची भिंत माग. ज्याला तिथं थांबून प्रार्थना करायची तो थांबेल, ज्याला नको तो पुढं जाईल.

आता पेहराव. इरकल निवडलंस ते फार चांगलं, पण कारण नीट सांगता आलं पाहिजे. गडद निळं अंग आणि लाल रेशमी पदर हे युरोपातल्या जुन्या मरियेचेच दोन रंग आहेत. लोकांच्या डोळ्यांत बसलेलं फातिमेचं पांढरं रूप १९१७ मध्ये पोर्तुगालातल्या फातिमा गावी झालेल्या दर्शनानंतरचं, निळा-लाल त्याहून कितीतरी जुना. टोप-टेणीचा, म्हणजे अंगाचे आणि पदराचे धागे एकमेकांत अडकवून केलेला, जोड आणि पदरावरचे पांढरे पट्टे अंदाजाने काढू नकोस, खरं लुगडं समोर ठेव. हिरव्या बांगड्या चालतील, गोव्याकडच्या ख्रिस्ती नवरीच्या चुड्यातही हिरव्या बांगड्या असतात. कुंकू मात्र नको. त्यावर चर्चमधले लोक म्हणतील हे आपलं नव्हे, आणि बाहेरचे म्हणतील आमची खूण पळवली. डोक्यामागची प्रभा ठेव. पेहराव बदललास तेवढं पुरे. ओळखीच्या सगळ्या खुणा एकदम गेल्या तर मरिया ओळखूच येत नाही.

बाहेरच्यांचा राग ही पोकळ भीती नाही. २०१३ मध्ये रांचीजवळच्या सिंहपूरला लाल काठाच्या पांढऱ्या साडीतली मरिया बसवली, तेव्हा मोर्चा काढला तो सरना हा निसर्गपूजक धर्म पाळणाऱ्या आदिवासींनी. ही साडी आमच्या पूजेची, उद्या आमच्या पोरांना मरिया आदिवासी देवी वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडेही धर्मांतराचा संशय तापलेला असतो. २०२१ च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते इथंच, बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये. तेव्हा शहापूर-वडगावच्या विणकर घरांतल्या चार जाणत्या बायकांना रेखाटन आधीच दाखव. ज्यांचं लुगडं, त्यांना विचारलेलं बरं.

परवानगी फादरांच्या तोंडी होकारावर सोडू नकोस. त्यांची बदली झाली की होकारही त्यांच्याबरोबर जातो. नेहमीपेक्षा वेगळी प्रतिमा बिशपांच्या संमतीशिवाय चर्चमध्ये लावू नये, हे कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्येच ठरवलं. चर्चने कुठलीही एक शैली आपली म्हणून धरलेली नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लिहिलं. दोन्ही जोडीने वाच. चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ११८८ ही वाच: प्रतिमा बेताच्या संख्येत, योग्य क्रमाने असाव्यात, लोकांचा गोंधळ होऊ नये. एक इंचाला एक फूट या प्रमाणात रंगीत रेखाटन, जागेचा नकाशा आणि मरियेच्या स्तुतिगीतावरचं (बायबलातलं लूक १:४६) अर्धं पान बिशपांकडे पाठव. पॅरिश कौन्सिलच्या ठरावाची प्रत जोड. उद्या कुणी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली तक्रार केलीच, तर तिथं प्रश्न हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीचा असतो. तुझा हेतू काय होता, ते या कागदांवरून दिसेल.

परवानगी म्हणजे पहारा नव्हे, हेही ध्यानात ठेव. ऑस्ट्रियात लिंझच्या कॅथेड्रलमध्ये प्रसूत होणाऱ्या मरियेची मूर्ती धर्मप्रांताच्या संमतीने, तीही बाजूच्या खोलीत ठेवली होती. जुलै २०२४ मध्ये तिचं डोकं कापून टाकलं. पहिले पंधरा दिवस दार उघडं असेपर्यंत कुणीतरी तिथं बसायला हवं.

भिंतीवर थेट रंगवू नकोस. खानापूरच्या पावसात भिंत ओल धरते आणि दुसऱ्या वर्षी रंगाला पोपडे येतात. १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे तीन भाग कर आणि भिंतीपासून इंचभर पोकळी ठेवून पट्ट्यांवर बसव. पुढं चित्र उतरवायची वेळ आलीच तर खरवडावं लागणार नाही, उचलून नेता येईल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार चित्र न लावणं हा तुझ्या हक्काचा भंग होत नाही, त्याची मोडतोड मात्र भंग ठरू शकते. विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाबद्दल अमरनाथ सहगलांना २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ५ लाख दिले ते याच कलमावर. ‘काढल्यास तीस दिवसांची सूचना द्यावी, चित्र परत करावं’ एवढी दोन वाक्यं करारात हवीतच.

एकदा चोर्ला घाटातून गोव्यात पर्वरीला जाऊन ये. तिथल्या झेवियर सेंटरमध्ये आंजेलो द फोन्सेकांची चित्रं आहेत. साडीतल्या मरियेवरून त्यांना गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांचा विरोध सोसावा लागला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघात राहून त्यांनी काम केलं आणि १९६७ मध्ये ते गेले. त्यांच्या मरिया घाईघाईत बघू नकोस, दिवस काढ.

चित्रावर नाव-गाव काही लिहू नकोस. मराठी वर की कन्नड वर, या वादात चित्र बाजूला पडेल. ‘लूक १:४६’ देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिपींत, सारख्या अक्षरांत, खालच्या कोपऱ्यात पुरे. अनावरण मरियेच्या सणाला, ८ सप्टेंबरला ठेवू नकोस. बाहेरगावची गर्दी मोबाइलवर अर्धवट फोटो फिरवते. साधा रविवार घे.

सगळ्याआधी मात्र पूर्ण मापाचा मांजरपाट कोळशाने रेखाटून पॅरिश हॉलमध्ये दोन रविवार टांग. लोकांना बोलू दे, तू फक्त लिहून घे. शेवटच्या बाकाइतक्या अंतरावरून चेहरा वाचता येतो का तेही तेव्हाच कळेल. माप दहा फूट बाय सहा. तीन फुटी पन्ह्याचे दोन तुकडे नुसते जोडलेस तर शिवण बरोबर चेहऱ्यावर येईल. एक अख्खा मधे घे, दुसरा उभा फाडून दोन्ही बाजूंना लाव.