फॉर्म तुम्ही भरलात, अभ्यास कोण करणार?

वाळवा तालुक्यातल्या एका ऊस उत्पादक सभासदाचं पत्र आहे. मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर झाली. तिला स्पेनमधल्या मॉन्ड्रागॉन या सहकारी उद्योगांच्या गावी जाऊन त्यांचं व्यवस्थापन शिकायचंय. वडील लिहितात, 'सहकारात आयुष्य गेलं आमचं. तिथे पॅनेल चालतं, शिक्षण नाही. तिचा एमपीएससीचा फॉर्म मी भरून टाकलाय. तिला समजवा.'

नमस्कार. एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचं म्हणणं एका वाक्यात उरकलंत, तेही टिंगलीच्या सुरात. कमावत्या वयाच्या मुलीचा अर्ज परस्पर भरणं याला मी काळजी म्हणत नाही. आणि 'समजवा' म्हणजे 'माझ्या बाजूने बोला' असेल, तर ते काम मी घेत नाही. एमपीएससी वाईट नाही. त्यातून सहकार खात्यात सहायक निबंधकही होता येतं, म्हणजे फिरून सहकारच! पण ते तिने ठरवायचं.

आता तुमचा गैरसमज. तुमच्या कारखान्यात मत ऊसवाल्याला. बॉयलरवरचा माणूस पगारी नोकर, आणि तोडणी मजूर तर कुठल्याच यादीत नाही. १९५६ साली सुरू झालेल्या मॉन्ड्रागॉनच्या संस्थांमध्ये काम करणाराच भागभांडवल घालून सभासद होतो. एकाला एक मत. संचालक मंडळ हे कामगार-सभासद निवडतात, मंडळ मॅनेजर नेमतं. वरचा पगार खालच्याच्या साधारण सहापटीत ठेवतात. अडचणीच्या काळात स्वतःच्या पगारात कपात करायला तिथल्या सभासदांनी मतदान केलेलं आहे. हे तुमच्या पॅनेलच्या राजकारणात बसवू नका.

पण मुलीनेही हुरळू नये. फागोर ही तिथली फ्रिज-वॉशिंग मशिनची संस्था. २००५ मध्ये तिने फ्रान्सची ब्रांट कंपनी घेतली. पुढे स्पेनमधला घरबांधणीचा धंदा कोसळला, खप आटला, आणि २०१३ मध्ये बाकीच्या संस्थांनी आणखी पैसे घालायला नकार दिल्यावर फागोर बुडाली. सभासदांपैकी अनेकांना भगिनी संस्थांनी सामावून घेतलं. फ्रान्स-पोलंडमधले कामगार सभासद नव्हते, त्यांना हा आसरा नव्हता. जागतिक बाजारात टिकायला परदेशात कारखाने काढले, पण तिथल्या बहुतेकांना मत दिलं नाही. म्हणजे तिकडेही तोडणी टोळी तयार झालीच की! या कामगारांना सभासद कसं करायचं, हा प्रश्न घेऊन ती जाणार असेल तर जरूर जावं. नुसती भारावून जाणार असेल तर खर्च वाया.

आणि लगेच नको. शेत गहाण ठेवून तर नकोच. आधी दोनेक वर्षं एखाद्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर काम करू दे, सोबत जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका, करू दे. ताळेबंद न उघडता हात वर करणारे सभासद तुम्ही वार्षिक सभेत पाहिलेच असतील. मतदानाचा हक्क कागदावर राहतो तो अशांमुळेही. मशीन आणि हिशेब दोन्ही कळणारी मुलगी तिथल्या वर्गात नेमके प्रश्न विचारेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.