टॉम अँड जेरीचे अगदी सुरुवातीचे भाग मोठेपणी पुन्हा पाहिले तर तशीच मजा येते का? कुठून सुरुवात करावी?

येते. फक्त आवाज बंद ठेवून पाहू नका.

१९९८ साली दादा बारावीला होता. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत वर्षभर टीव्ही लागला तो मुका. 'द कॅट कॉन्सर्टो' हा भाग मी तसाच दोन-तीनदा पाहिला. बोका पियानो वाजवतो, उंदीर आतून छळतो, एवढंच कळलं. दादाचा शेवटचा पेपर झाला, त्यानंतर तो भाग लागला तेव्हा मी आवाज मोठा केला. बाबा तबल्याच्या शिकवण्या घ्यायचे. कोपऱ्यात तबला लावत बसले होते, हातोडी हातातच राहिली. "अगं, हा समेवर आपटतोय!" ती संगीतकार लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी ही पियानोची रचना, हे मला फार उशिरा समजलं. त्या दिवसापासून बाबा रोज माझ्या शेजारी बसायचे, मांडीवर ठेका धरून.

दादाचं मात्र आजही तेच. "सगळे भाग सारखे, नुसती पळापळ." या दिवाळीत भाच्याला मी पहिलाच भाग लावून दिला, १९४० चा. त्यात बोक्याचं नाव टॉम नाही, जास्पर आहे. आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर, असा त्याला दम मिळालाय. मग उंदीर टेबलाच्या कडेवर काचेचा पेला धरून उभा राहतो आणि बोका जागच्या जागी थिजतो. भाच्याने मांडीवरची उशी घट्ट आवळली होती. नेमका तेव्हाच दादाने रिमोट उचलून आवाज बंद केला. गोंगाट होतो म्हणे!

अरे, फुटण्याआधीची ती शांतता आवाज चालू असल्याशिवाय कळणार कशी? संगीतकार स्कॉट ब्रॅडलींनी पात्रांच्या पावलापावलाला सूर दिलेत. टॉमची ती किंकाळी तर खुद्द विल्यम हॅनांची, टॉम अँड जेरी घडवणाऱ्या दोघांपैकी एकाची. ते काढून टाकलं की पळापळच उरणार.

सुरुवात १९४० पासूनच करा. हॅना आणि त्यांचे जोडीदार बार्बेरा यांचे १९५८ पर्यंतचे ११४ भाग आहेत, क्रमाने बघा. पुढे प्रागमध्ये १३ भाग झाले, ते मला अजिबात आवडत नाहीत.

हो, एक राहिलंच. जुन्या काही भागांत काळ्या माणसांची टिंगल आहे, घरातल्या काळ्या मोलकरणीचं चित्रणही त्यातलंच. मुलं सोबत असतील तर हे चूक आहे असं तिथल्या तिथे सांगा, मी भाच्याला सांगितलं.

रविवारी तो एकटाच येतोय माझ्याकडे. 'कॅट कॉन्सर्टो' अजून बघायचाय त्याला.